वास्को द गामाची दाढी

कोल्हापुरात एके काळी प्रभुलिंग पेंटरचा ब्रश न फिरलेलं दुकान शोधूनही सापडलं नसतं. पुढं फ्लेक्स आले, त्याच्या पोटावर पाय आला, पण गडी हटला नाही. एवढ्या कामातलं एकच त्याच्या जिवाभावाचं होतं. एका शाळेच्या भिंतीवर तीस वर्षांपूर्वी काढलेला 'थोर दर्यावर्दी वास्को द गामा'. दर जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी तो आपणहून जाऊन त्याच्यावर रंगाचा नवा हात द्यायचा.

त्यामागचं गुपित फक्त घरात ठाऊक होतं. शाळेनं नमुन्याला दिलेल्या चित्रात तोंडच नीट दिसत नव्हतं. मग पठ्ठ्यानं खुशाल आपल्या वडिलांचा चेहरा काढला, वर टोपी चढवली, खाली लांब दाढी लावली. वडील, म्हणजे त्याचे अप्पा गुरुसिद्ध, तो नऊ वर्षांचा असताना गेले होते. मागं त्यांचा एक फोटोसुद्धा नव्हता. म्हातारी आई गंगव्वा दर वर्षी रंग वाळला की भिंतीपुढं येऊन घटकाभर उभी राहायची. पोर्तुगालच्या खलाशाला हात जोडणारी बाई कोल्हापुरात दुसरी नसेल.

यंदा मुख्याध्यापिका अनुजा मॅडमनी त्याला बोलावून घेतलं. सातवीच्या मुलींनी कुठंतरी वाचलं होतं, की मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज या माणसानं माणसांसकट जाळलं. बायका लेकरं वर धरून दया मागत होत्या. मग हा थोर कसा, असं मुली विचारत होत्या.

"पेंटर, तुमचा जीव आहे त्या चित्रात, माहीत आहे मला," मॅडम म्हणाल्या. "चित्र राहू दे. खालचं नाव तेवढं बदलू या."

नाव बदललं की भिंतीवरचा अप्पांचा चेहरा वाचत होता. दुसरा कुणी असता तर सुटलो म्हणाला असता. प्रभुलिंगनं मात्र भिंतीकडं बघत विचारलं,

"लेकरं वर धरली हुती?"

"हो. त्याच्याच ताफ्यातल्या माणसानं लिहून ठेवलंय."

"माझ्या अप्पांनी कधी बैलावर चाबूक उगारला न्हाय, मॅडम. आनि मी त्यास्नी तीस वर्षं ह्याच्या नावानं हितं उभं केलंय. किती पोरं ह्येच तोंड त्याचं म्हनून शिकली. आता नाव बदलून काय हुतंय? पुसतो."

मॅडमनी मोबाईलवर चित्राचा फोटो काढून घेतला, तेवढं त्यानं करू दिलं. मग स्वतःच पांढरा रंग कालवला. डोळ्यांवरून ब्रश नेताना त्याला रडू फुटलं आणि ते त्यानं लपवलं नाही.

घरी मॅडमनी पाठवलेला फोटो समोर ठेवून तो एका फळीवर अप्पांना टोपी-दाढीविना काढायला बसला. डोळे उतरले, नाक उतरलं. ओठांखाली मात्र हात अडला. दाढीखाली काय होतं, ते दाढी रंगवणाऱ्यालाच आठवेना.

"अव्वा, अप्पांची हनवटी कशी हुती गं?"

गंगव्वानं फळीकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं लेकाची हनुवटी चिमटीत धरली, उजेडाकडं वळवली आणि म्हणाली, "आरसा आन जा."