रजियाआपांचा शब्द, माझी अट

मंगळवारी दहा वाजून गेले तरी चटणीचा डबा आला नाही, तेव्हा मी चक्क वैतागलो होतो. नवी पेठेतल्या माझ्या किराणा दुकानात दोन गिऱ्हाइकं शेंगा चटणीसाठी ताटकळत उभी होती. मग ती चटणी कुटून देणाऱ्या रजियाआपांच्या सुनेचा, नसीमचा, फोन आला. आपा पहाटे चटणी कुटायला उखळाशी बसल्या आणि तिथंच कलंडल्या... दवाखान्यात न्यायलाही सवड मिळाली नाही. मी गिऱ्हाइकांना "आज चटणी नाही" एवढंच म्हणालो. त्याला आता दीड महिना झाला.

आपा पहिल्यांदा दुकानात आल्या त्याला सोळा-सतरा वर्षं झाली असतील. कमरेवर स्टीलचा डबा. माझ्याकडं मिक्सरवरची स्वस्त चटणी आहे, तुमची नको, असं मी फटकळपणे सांगितलं. त्यांनी झाकण उघडून चिमूटभर चटणी माझ्या तळहातावर ठेवली. "आदी चव बगा अण्णा, मग तोंड वाकडं करा." कुटताना सुटलेलं तेल हाताला लागलं, आणि चव घेतल्यावर मी आणखी चिमूटभर मागून घेतली. पण मीही मुरलेला दुकानदार. लगेच अट घातली, ही चटणी गावात फक्त माझ्याकडं मिळाली पाहिजे. मीही दुसऱ्या कुणाची ठेवणार नाही. "दिली जबान," आपा म्हणाल्या. कागद नाही, सही नाही. तेव्हापासून डबा आला की पहिली चिमूट त्या माझ्या तळहातावर ठेवायच्या. आपल्या हुशारीवर मी तेव्हा भलताच खूश होतो. लोक चटणीसाठी यायचे आणि जाताना तूरडाळ, पोहे, साबण घेऊन जायचे. माझं अर्धं दुकान त्या डब्यावर चालत होतं, पण हे मी आपांना कधी बोललो नाही.

पुढं होटगी रोडला मोठा मॉल झाला आणि माझी गिऱ्हाइकं तिकडं वळली. रोज येणारा डबा आठवड्यातून एकदा, मंगळवारी, येऊ लागला. आपांबरोबर तीन बायका कुटायला बसायच्या, त्यांना एकेक करून घरी बसावं लागलं. अशात मॉलचा खरेदीवाला विजापूर वेशीत आपांच्या घरी जाऊन आला. आपांनी दुकानात येऊन सहज सांगितलं, "मॉलवाले आलते अण्णा. लई माल मागत होते. न्हाय म्हनून सांगितलं."

तेव्हाच म्हणायला हवं होतं, आपा, खुशाल द्या. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण चटणी मॉलमध्ये गेली तर माझी पायरी कोण चढणार? मी म्हणालो, "बरं केलंत." या दोन शब्दांची आज मला लाज वाटते. त्या रिकामा डबा उचलून गेल्या.

गेल्या वर्षी न राहवून सांगितलं, "आपा, माझ्या अटीतून तुम्ही मोकळ्या." त्या हसल्या. "आता कोन इचारतंय अण्णा? त्यांनी दुसरीकडून घेतली बी." आणि मग म्हणाल्या, "अन् माझी चटनी तिकडं गेली असती, तर तुमच्या दुकानात काय राहिलं असतं?" म्हणजे सगळं त्यांना ठाऊक होतं. मला वाटायचं मी त्यांना बांधून ठेवलंय. त्या मला सांभाळत होत्या.

त्यांचा एक डबा माझ्याकडं राहिला होता. परवा तो परत द्यायला गेलो. नसीम दारातच भेटली, गळ्यात मॉलचं ओळखपत्र, कामावर निघालेली. "पॅकिंगला लागले अण्णा. डबा ठिवा तुमच्याकडंच. हितं भरायला कोन हाय आता?" डबा घेऊन तसाच परत आलो.

तो काउंटरवर आहे. झाकण उघडलं की अजून लसणाचा वास येतो. मंगळवारी दहा वाजले की माझा हात आपोआप पुढं होतो, तळहात वर करून... कुणी बघायच्या आत मी तो मागं घेतो.