खोकी वाचायला लावणाऱ्या नणंदबाई

रायपुरात इंग्रजी शिकवणारे पुष्कळ असतील. पण इंग्रजीसाठी लोकांच्या कचऱ्याच्या डब्यात हात घालणारी बाई अख्ख्या शहरात एकच, आणि ती माझी सख्खी नणंद आहे, हे मी आजही मान ताठ करून सांगते. या ताई राहायच्या चौबे कॉलोनीत, पण शाळेत जाताना ब्राह्मणपाऱ्यात आमच्याकडे डोकावल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत. मी नवी नवरी. टूथपेस्टचं रिकामं खोकं फेकलं, तर ताईंनी माझ्यादेखत ते उचललं आणि पदराला पुसलं. "काहून फेकून राहिली वं? अख्खा धडा आहे यात!" अग्गोबाई, कुठल्या घरात पडले मी, असंच वाटलं मला तेव्हा.

शाळेच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात बर्फ पडायचा आणि कोणी एक टॉम त्याचा माणूस करायचा. "आमच्या पोट्ट्यांनी बर्फ पाहिला तो उसाच्या रसात," असं म्हणून ताई पुस्तक मिटायच्या आणि पिशवी उघडायच्या. बिस्किटांची वेष्टनं, खोकल्याच्या औषधाची खोकी, कुकरसोबत आलेला माहितीचा कागद. पण दिसेल ते उचलायच्या, असंही नाही हं! मी एकदा मोठ्या हौसेनं परदेशी चॉकलेटचा सोनेरी डबा जपून ठेवला, तर बाईंनी उलटसुलट पाहून परत केला. "हे पोट्ट्यांच्या घरी कधी येते? जे घरात येते तेच वर्गात." संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर कहरच. बायका वाण घेऊन निघाल्या, की ताई दारात आडव्या. "वाटी घेऊन जा, वाटीचं खोकं देऊन जा." पुढे पुढे कॉलोनीतल्या बायका घरूनच रिकामे पुडे पर्समध्ये घालून यायला लागल्या. तिळगुळाआधी पुडे द्यायच्या.

मग शाळेत नवे अध्यक्ष आले आणि त्यांनी दिल्लीहून रंगीत चित्रकार्डांचा मोठा संच मागवला. फर्मान निघालं की इंग्रजी यापुढे याच संचावर. ज्यांना जमणार नाही त्यांनी शिवणकामाचा वर्ग घ्यावा. ताईंचा नमुना तास अध्यक्षांसमोर ठरला. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे चहाला तोंडही लावलं नाही. "वर्ग गेला तर मले काही सुचणार नाही वहिनी," एवढंच म्हणाल्या. त्यांचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता. तासाला पालकांनाही बोलावलं होतं. मी पालक नसूनही मागच्या बाकावर जाऊन बसले. कोण अडवतंय बघू!

टेबलावर संचाचं सीलबंद खोकं. अध्यक्ष शेजारी खुर्चीत, त्यांचा चहाचा कप खोक्यावर. ताईंनी खोकं उघडलंच नाही. पोरांना पुढे बोलावलं आणि म्हणाल्या, "रीड." पोरं भोवती जमली. धिस साइड अप, कीप ड्राय, हँडल विथ केअर. मुख्याध्यापक कासावीस. "मैडम, किट इस्तेमाल करना था!"

"कर ही तो रही हूँ, सर," ताई शांतपणे म्हणाल्या.

तेवढ्यात एक काटकुळी पोट्टी खोक्यावरचे बाण बोटानं शोधत खाली वाकली. मग सरळ अध्यक्षांसमोर उभी राहिली. "सर, प्लीज लिफ्ट युअर कप. धिस बॉक्स इज अपसाइड डाउन." खरंच की! सगळे बाण जमिनीकडे होते. अध्यक्षांनी कप दोन्ही हातांनी उचलला. दोन पोरांनी खोकं हळूच उलटवून सरळ केलं, आणि त्या पोरीनं वर "थँक यू, सर" म्हटलं.

अध्यक्ष आधी खोक्याकडे, मग पोरीकडे बघत राहिले. "बेटी, और क्या लिखा है?" पोरांना तेवढंच पाहिजे होतं. बनवणाऱ्याच्या पत्त्यापासून वजनापर्यंत त्यांनी खोकं वाचून काढलं, एकमेकांना इंग्रजीत प्रश्न विचारले, आणि तास संपला तरी चिकटपट्टी शाबूत. जाताना अध्यक्ष हसून म्हणाले, "मैडम, आप अपना कचरा चालू रखिए." मी एवढ्या जोरात टाळ्या पिटल्या, की शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. "माझी नणंद आहे," मी म्हटलं. तिनं विचारलं नव्हतं.

ताई निवृत्त झाल्या आणि पुण्याला मुलाकडे गेल्या. मी अजून खोकी झटकून, घडी करून पलंगाखाली ठेवते. नवरा चिडतो, मी ऐकत नाही. परवा ताईंचा फोन आला. "वहिनी, इथं सगळं घरपोच येते. दारात खोकेच खोके. अन् वाचाले एक पोट्टं नाही वं."

"मग या ना परत," मी म्हटलं. "खोकी ठेवली आहेत मी. सगळी पोरांच्या घरी येतात तसलीच."

"हव," ताई म्हणाल्या. मग फोन चालू ठेवून त्यांनी मला पलंगाखालची खोकी एकेक करून मोजायला लावली.