औषधात न मोजलेली गोळी

कॅन्सरच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी एक फॉर्म भरून घेतात. त्यातल्या 'सध्या चालू असलेली इतर औषधे' या रकान्यात मी वळणदार अक्षरात 'नाही' असं लिहिलं. कोल्हापुरातल्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेल्या बाईने लिहिलं, आणि लिहिताना तिच्या मांडीवरच्या पर्समध्ये पिवळ्या गोळ्यांच्या पाकिटाचा तुकडा होता.

लपवायचं माझ्या मनातही नव्हतं. आमच्याकडे औषध म्हणजे बीपीचं, शुगरचं, ज्याची फाइल असते आणि जे रोज सकाळी चहाआधी घेतात. मला अर्धशिशी नववीपासून. तिच्यावरची गोळी औषधात कोण मोजतं? डोकं ठणकलं की गोळी, वरून चहा, आणि पुढचा तास सुरू. वर्गातल्या मुलांनाही ते ठाऊक होतं.

गोळ्या अक्का आणायची. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. ती बिद्रीजवळच्या गावात राहते, शेती आणि दोन म्हशी बघते, आणि तिचंही डोकं माझ्यासारखंच दुखतं. गावातला मेडिकलवाला कात्रीने पाकीट कापून चार-चार गोळ्यांचे तुकडे देतो. त्या तुकड्यावर कधी नावाची शेवटची दोन अक्षरं येतात, कधी नुसती तारीख. इतक्या वर्षांत त्या गोळीचं नाव आम्हा दोघींपैकी कुणी वाचलं नव्हतं. आमच्यासाठी ती 'पिवळी' होती.

अंडाशयाचा कॅन्सर निघाला तसं दर तीन आठवड्यांनी केमोचं सलाइन लावायचं ठरलं. सोबतीला अक्का यायची. सलाइनच्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस ओकारी थांबवणारी एकेक कॅप्सूल असायची. पहिल्याच दिवशी संध्याकाळी माझं डोकं उठलं. अक्काने कमरेच्या पिशवीतून पिवळी काढून दिली. मी जरा घुटमळले, तर म्हणाली, "घे की. ही काय औषध न्हवं."

दुसऱ्या दिवशी हाताची बोटं थंडगार पडली, मुंग्या आल्या. डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, सलाइनमधल्या एका औषधाने नसा बधिर होतात, पुष्कळांना होतं. पण वाढलं तर त्या औषधाचा डोस कमी करावा लागेल, कदाचित बंदच. हे ऐकून मी घाबरले. बोटांचं काय एवढं, खडू धरायचे दिवस संपलेच होते. पण औषध कमी पडलं आणि आतलं परत वाढलं तर? मुलीचं बाळंतपण चार महिन्यांवर आलं होतं आणि मला ते बघायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं.

भीती घालवायला मला एकच गोष्ट येते, ती म्हणजे नोंदी ठेवणं. दुसऱ्या सलाइनपासून मी शंभर पानी वही घातली. तारीख, बोटं, डोकं, पोट असे रकाने आखले. अक्का म्हणायची, बाई आजारपणातपण पेपर तपासायला लागली.

दुसऱ्या सलाइननंतर पुन्हा डोकं दुखलं, पुन्हा पिवळी घेतली. सकाळी बघते तर बोटं नुसती थंड नव्हती, पांढरी होती. ब्लाउजचे हूक अक्काने लावून दिले. मी मोबाइलवर हाताचा फोटो काढला. खरं सांगते, भीती होतीच, पण कुतूहल जास्त होतं. नस बधिर झाली तर बोट पांढरं का पडावं? पांढरं पडलं म्हणजे तिथे रक्त पोचत नाही. हे तर मी सातवीला शिकवायचे.

चार दिवसांत बोटं पूर्ववत झाली. दहाव्या दिवशी पुन्हा अर्धशिशी उठली. पिवळी घेतली आणि दिवसभर हात न्याहाळत बसले. काहीच झालं नाही. मी वहीत 'बोटं: गुलाबी' लिहिलं आणि पेच आणखी वाढला.

तिसऱ्या सलाइनच्या सकाळी डॉक्टरांनी डोस कमी करायचा विषय काढला. मी फोटो आणि वही पुढे केली. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला, मग वहीची पानं मागेपुढे केली आणि एका जागी बोट ठेवलं.

"डोक्याच्या रकान्यात 'पि.' लिहिलंय, ते काय?"

"पिवळी. अर्धशिशीची गोळी."

"मी इतर औषधं विचारली होती, बाई."

माझे कान तापले. विद्यार्थ्याने असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. त्यांनी गोळी मागितली. तुकड्यावर नाव नव्हतंच. अक्काने गावच्या मेडिकलवाल्याला फोन लावला. त्याने पाकीट शोधून नाव वाचून दाखवलं, तसे डॉक्टर खुर्चीत ताठ बसले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्या गोळीतलं एक औषध रक्तवाहिन्या आवळतं. एरवी यकृत ते वेळेत मोडून टाकतं, म्हणून इतकी वर्षं निभावलं. पण ओकारीची कॅप्सूल यकृताच्या त्याच कामात अडथळा आणते. गोळी अंगात साचते, रक्तवाहिन्या आवळतच राहतात. असंच चाललं असतं तर बोटं काळी पडून काढावी लागली असती. दहाव्या दिवशी कॅप्सूल नव्हती, म्हणून बोटं गुलाबी राहिली. सलाइनमधल्या औषधाचा यात दोष दिसत नव्हता, तेव्हा डोस आहे तोच ठेवू, असं ते म्हणाले. मला एवढंच ऐकायचं होतं.

पण विचारल्याशिवाय राहवेना. हे आवळणारं औषध मुळात येतं कुठून? ते हसले. धान्याच्या कणसावर वाढणाऱ्या एका बुरशीत ते सापडलं, तिला अरगट म्हणतात.

अक्काचं माहेर पूर्वेकडचं, बाजरी पिकणाऱ्या मुलखातलं. ती म्हणाली, "अरगट व्हय? आमची आई पेरायच्या आधी बी मिठाच्या पाण्यात टाकायची. वर तरंगलेलं समदं काढून टाकायची. जनावरालाबी न्हाय घालायची." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आन मी ते माझ्या हातानं तुला चारलं."

बाजरीवरची बुरशी वेगळी, औषधाची वेगळी, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिला ते पटलं नाही. त्या संध्याकाळी डोकं उठलं तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेली साधी गोळी तेवढी घेतली. ती कमीच पडली. अक्का माझ्या कपाळाला ओला फडका बांधून कानशिलं दाबत बसली. मध्येमध्ये माझी बोटं उलगडून नखं बघायची. नखं लालच होती. तिचा जीव तुटताना बघून मला रडू आलं, आणि रडल्यावर डोकं आणखी दुखलं.

चौथ्या सलाइनला शेजारच्या खुर्चीत हातकणंगल्याकडची एक बाई बसली होती, पहिल्यांदाच आलेली. सिस्टरने तिला विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का. ती "न्हाय" म्हणाली. सिस्टर लिहायला लागली, तोच अक्का उठून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, डोकं दुखलं तर काय घेतासा?"

"ते व्हय?" ती बाई हसली आणि तिने पदराची गाठ सोडली. गाठीत कात्रीने कापलेला चार गोळ्यांचा तुकडा होता. गोळ्या पांढऱ्या होत्या, नाव नव्हतं.

अक्काने तो तळहातावर घेतला आणि सिस्टरपुढे धरला. "हे लिवा," ती म्हणाली.