एनॉक थर्लोची भिंत

मी सिड गॅरड, इंग्लंडातल्या सफोकमधल्या आमच्या गावचा सुतार. एनॉक थर्लोला मी चाळीस वर्षं ओळखत होतो आणि त्यातली वीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून त्याच्या घराचा गळा आवळला. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण हेतू चांगला होता म्हणून लाकूड कुजायचं थांबत नाही.

घराचं नाव ब्रंडल मॅनर. नावावर जाऊ नका. कधीकाळी तिथे कुणी सरदार राहायचा, भोवती खंदक खणून. एनॉकच्या आजोबांपासून मात्र ते कुळाचं शेतघर. जिथे न्यायनिवाडे व्हायचे त्या दालनाच्या अर्ध्या भागात बटाटे, आणि सरदारीण जिथे बसायची त्या टोकाच्या खोलीत सफरचंदं. सांगाडा सगळा ओकच्या लाकडाचा, आणि मधल्या जागेत कुडाची भिंत: काठ्या, चिकणमाती, गवत, शेण. वरून चुन्याचा गिलावा. दर मे महिन्यात एनॉकचा बाप जेबेझ चुन्यात चरबी आणि थोडा लाल रंग कालवून सगळं घर गुलाबी करायचा. तीन आठवडे जायचे. म्हातारा म्हणायचा, "भिंतीला घाम येतो तो येऊ द्यावा. ती तिचं तिचं वाळते." मरताना त्याने एनॉकला एकच सांगितलं, चुना चुकवू नकोस.

एनॉकने बारा वर्षं चुकवला नाही. एकोणीसशे अठ्ठावन्न साली मात्र त्याची बायको आयव्ही खोकायला लागली. हिवाळाभर खोकली. एनॉक माझ्याकडे आला, टोपी हातात घेऊन, जणू मी पाद्री आहे.

"सिड, घर गळतंय. वारा भिंतीतून आत येतो आणि थेट तिच्या छातीत शिरतो."

"मग?"

"सिमेंट मारू या बाहेरून. एकदाच. थेंबही आत जाणार नाही."

"आणि तुझा बाप?"

"बापाला खोकणारी बायको नव्हती."

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. तेव्हा सगळेच सिमेंट मारत होते. आम्ही चुना खरवडला, जाळी ठोकली आणि पावसाळी ढगासारखं करडं, गुळगुळीत घर उभं केलं. लोक रस्त्यावर सायकल थांबवून बघायचे. आयव्ही खाली येऊन म्हणाली, "मेलं तुरुंगासारखं दिसतंय." पण हसली. त्या मे महिन्यात एनॉकला तीन आठवडे मोकळे मिळाले आणि तो बायकोला घेऊन समुद्रावर गेला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

पुढच्या हिवाळ्यात आयव्हीच्या पलंगामागे ओलीचा डाग उठला. आम्हाला वाटलं, कुठेतरी भेग राहिली. भेग सापडली, बुजवली. डाग वाढला. आणखी सिमेंट. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, असं आमचं चाललं होतं. एप्रिलच्या शांत दुपारी भिंतीतून टकटक ऐकू यायची. बोटाच्या पेराने लाकडावर मारावं तशी, सात-आठ ठोके आणि मग शांतता. आमच्याकडे अशी टकटक आजाऱ्याच्या खोलीत झाली की मरणाची चाहूल म्हणून बायका कुजबुजतात. आयव्हीच्या शेजारणी पायऱ्या उतरताना एकमेकींकडे बघायच्या. मला माहीत होतं की तो लाकूड पोखरणारा किडा आहे. पण ओल्या ओकशिवाय तो टिकत नाही, हे माहीत असूनही मी तो किडा आणि ओलीचा डाग या दोन गोष्टी जोडून पाहिल्या नाहीत. याबद्दल मला कुणी कधी विचारलं नाही. मी स्वतःला विचारतो.

आयव्ही एकाहत्तर साली त्या खोकल्यातच गेली.

एकोणऐंशी साली मिस हॅडो आल्या. जुन्या घरांची नोंद करणाऱ्या बाई, पायात चिखलाचे बूट. शिडी लावून माळ्यावर गेल्या आणि खाली उतरल्या तेव्हा नाक काळं झालं होतं.

"मिस्टर थर्लो, तुमच्या वाशांवर सहाशे वर्षांची काजळी आहे."

"धुऊन टाकू का?"

"हात लावू नका. हे एकच उंच दालन होतं, छपरापर्यंत मोकळं. मधोमध जमिनीवर आग आणि धूर कौलांतून बाहेर. तुमची माडी आणि चिमणी नंतर घातलेली आहे."

"म्हणजे मी झोपतो तिथे..."

"तिथे नुसता धूर होता."

एनॉक आठ वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने हसला. मला म्हणाला, "ऐकलंस? मी सरदाराच्या धुरात झोपतो. आयव्हीला आवडलं असतं."

मग बाईंनी खिशातला चाकू काढला. भिंतीच्या तळाशी, सगळा सांगाडा ज्या आडव्या तुळईवर उभा असतो तिथे, आतल्या बाजूने टोचला. चाकू मुठीपर्यंत आत गेला. त्यांनी तो हळूच बाहेर काढला. त्याला ओला भुसा लागला होता.

"पाणी आलं कुठून?" एनॉकने विचारलं. "मी वीस वर्षं एक भेग राहू दिली नाही."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "जमिनीतून, चुलीवरून, तुमच्या श्वासातून ओल भिंतीत जातेच. पूर्वी ती चुन्यातून बाहेर वाळायची. सिमेंटने तिला कोंडून ठेवलं."

एनॉकने चाकूवरचा भुसा बोटांत चोळून पाहिला. मी खिडकीबाहेर बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा तो आयव्हीच्या खोलीखालची भिंत छिन्नीने फोडत होता. वय सत्तर. "मोकळी करतो तिला," म्हणाला. मी थांब म्हणेपर्यंत सिमेंटचा दाराएवढा तुकडा निखळला आणि त्याच्यामागून भिंत आली. माती, काठ्या, काळा लगदा. वरची माडी एका बाजूने कलली आणि पलंग घरंगळत बाहेर आला. सांगाड्यात दम उरलाच नव्हता. सिमेंटनेच घर मारलं होतं आणि सिमेंटच्याच आधारावर ते उभं होतं.

जमीनमालकाने दारं ठोकून बंद केली. एनॉकला गावाबाहेर विटांचं नवं, बैठं घर मिळालं. कोरडं ठणठणीत. तो तिथे भर जानेवारीत खिडक्या उघड्या ठेवून कोट घालून बसायचा. मी रविवारी जायचो. चहा व्हायचा, बीटाच्या पिकाबद्दल बोलणं व्हायचं, आणि मग तो तेच विचारायचा.

"सिड, त्या भिंतीमुळे गेली का रे ती?"

एका रविवारी मला राहवलं नाही. म्हटलं, "नाही रे बाबा. रक्तातच होतं. तिच्या आईलाही तसाच खोकला होता."

एनॉकने माझ्या कपात आणखी चहा ओतला, दूध घातलं, कप माझ्याकडे सरकवला.

"तिची आई नव्वदीपर्यंत चर्चमध्ये गात होती, सिड," तो म्हणाला. "तू अगदी पहिल्या बाकावर बसून ऐकायचास."