अखाजीला ताफा उभा होता

नानाच्या कंपनीच्या ताफ्यात तीन नावा आहेत. दोन लाकडी आणि एक फायबरची, इंजिनाची. 'ताफा' हा शब्द नानाचा, आणि नाना माझा थोरला भाऊ. तापीच्या अलीकडे शिंदखेडा तालुक्यातलं आमचं गाव, पलीकडे शिरपूरकडची गावं. खाली बंधारा झाल्यापासून नदी वैशाखातही भरलेली असते आणि पुलावरून जायचं तर मोठा वळसा पडतो. म्हणून दूधवाले, मजूर, बाजारच्या बाया, मोटारसायकली, सगळं नानाच्या नावांतून जातं. वडील या धंद्याला 'नाव चालवणं' म्हणत. नानानं ऑफिस काढलं, टेबलावर काच टाकली, आणि कंपनी झाली.

वडलांचा एक नियम मात्र कंपनीतही टिकला होता. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणाऱ्या लेकीकडून भाडं घ्यायचं नाही.

फायबरची नाव आली तेव्हा नानानं उद्घाटन अखाजीलाच ठरवलं. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, वेगळं पंचांग बघायला नको. एक साहेब रिबीन कापणार आणि तीनही नावा नदीच्या मध्यावर ओळीनं उभ्या राहून त्यांना सलामी देणार. गावात लागलेल्या फ्लेक्सवर कुठल्याशा समुद्रातलं तीन मजली जहाज छापलं होतं. ते तापीत आलं असतं तर एकाच वेळी दोन्ही काठांना टेकलं असतं. हे मी धुळ्याला मित्रांना सांगून हसवलंही होतं. मग अखाजीच्या सकाळी गुलाबी फेटा बांधून त्याच नावेत, नानाच्या शेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसलो. शिकलेला भाऊ म्हणून तिथं शोभेला लागत होतो.

आई गेल्यानंतरची ही पहिली अखाजी. आईच्या नावाची पहिली घागर त्या दिवशी घरी पुजायची होती. नवी घागर पाण्यानं भरायची, वर खरबूज ठेवायचं, सांजोरीचा नैवेद्य दाखवायचा आणि दुपार टळायच्या आत विस्तवावर घास टाकून गेलेल्या माणसाला जेवू घालायचं. याला आमच्याकडे आगारी म्हणतात. सांजोऱ्या अक्का करून आणणार होती. अक्का आमची सगळ्यांत मोठी बहीण, पलीकडच्या काठी दिलेली. आईसारख्या सांजोऱ्या आता तिलाच येतात.

साहेब येईनात. आम्ही नदीच्या मध्यावर ओळीनं उभे. नानानं नावाड्यांना सांगून ठेवलं होतं, ओळ मोडायची नाही. गाडी कोणत्याही क्षणी काठावर येईल, आणि ताफा विस्कटलेला दिसला तर काय राहिलं? पलीकडच्या काठी लेकी जमत होत्या. पिशव्या, पोरं, डोक्यावर पदर. त्यांना आणून सोडणाऱ्या रिक्षा केव्हाच परतल्या होत्या. अलीकडच्या काठावर लेकींना घ्यायला आलेले बाप उभे होते. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं हाताचा भोंगा करून विचारलं, "नाना, तुनी नाव पानीमा शे का फोटोमा?"

काठावर हशा झाला. नाना हसला नाही. मी हसलो, आणि मग आपण कुठं बसलोय ते आठवलं.

माझा फोन वाजला. अक्का होती.

"भाऊ, नाव कवय येई?"

"आते येई, अक्का. साहेब निघेल शेत."

"ते मायनी घागर भराले येतस का?"

मी नानाकडे पाहिलं. "अक्का उभी आहे तिकडं. एक तरी नाव सोड."

"पाच मिनिटं," नाना म्हणाला. "तूच सांग, दोन नावांना कोणी ताफा म्हणतं का?"

यावर मला उत्तर सुचलं होतं, चांगलं टोचणारं. पण फेटा बांधून ते देता येईना.

शेवटी साहेबांच्या माणसाचा फोन आला. साहेब दुसरीकडे अडकले होते, शुभेच्छा होत्या. नानानं हातानंच इंजीन सुरू करायची खूण केली. पलीकडे पोचलो तेव्हा नावेच्या तोंडाशी रिबीन तशीच ताणलेली होती. ती कापायची कुणी, हे ठरलं नव्हतं. कात्री आरतीच्या ताटात होती, पण तिला कुणी हात लावला नाही. बाया रिबिनीखालून वाकून चढल्या. अक्का सांजोऱ्यांचा डबा छातीशी धरून चढली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. पायाखालच्या सावल्या केव्हाच पुढं सरकल्या होत्या, आगारीची वेळ टळली होती.

अलीकडे उतरताना तिनं कमरेच्या पिशवीतून नोट काढली आणि नानापुढं धरली.

"अक्का, अखाजीना दिन शे. भाडं कसानं?"

"माहेरले येनारीले भाडं नही," अक्का म्हणाली. "मी कंपनीना उतारू शे. ले."

मागे बाया उतरायच्या थांबल्या होत्या. त्या सगळ्या ऐकत होत्या. नानानं नोट घेतली नसती तर अक्का तिथंच उभी राहिली असती, म्हणून त्यानं घेतली. नोट खिशात घालायचंही त्याला सुचेना. घरापर्यंत ती त्याच्या मुठीत होती.

घरी वडील ओट्यावर बसले होते. घागर भरलेली, वर खरबूज. चुलीतला विस्तव विझत आला होता. वाट बघून त्यांनी आगारी एकट्यानंच दिली होती, गुळाच्या खड्यावर. तीन लेकरं असून आईला पहिला घास गुळाचा मिळाला. अक्कानं डबा उघडला, एक सांजोरी घागरीपाशी ठेवली आणि हात जोडले.

वडलांना आता नीट दिसत नाही. आमचे फेटे त्यांना दिसले नसावेत. "नाना नि भाऊ कोठे व्हतात?" त्यांनी तिला विचारलं.

अक्कानं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नदीवर," ती म्हणाली. "माले लेवाले येल व्हतात."

"बरं करं," वडील म्हणाले.

तिला 'घ्यायला गेलेले' आम्ही दोघं दारातच उभे राहिलो. आत जायला कुणी सांगितलं नाही, आणि आपलंच घर असून आमचा पाय उचलेना.