दादांचं मी सांगितलेलं उत्तर

हे मी नलूलाही सांगितलेलं नाही. बायको आहे माझी, आणि त्या सकाळी ती डबा घेऊन दवाखान्यातच यायची होती. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

नव्वदनंतरची गोष्ट. मी बेंगलोरला सरकारी कारखान्यात इंजिनिअर, जयनगरात भाड्याचं घर. आई गेल्यापासून वडील, आमचे दादा, साताऱ्यात एकटेच. प्रोस्टेटच्या ऑपरेशनसाठी मी त्यांना इकडे आणलं. मोठा गुणाचा मुलगा ना!

ऑपरेशननंतर त्यांच्या पाठीत मणक्यापाशी बारीक नळी ठेवली होती. तिच्यातून दुखणं थांबवणारं औषध जायचं, सोबत थोडं गुंगीचंही. दादांना इतकं निवांत मी कधी पाहिलं नव्हतं. पण त्यानं म्हातारी माणसं कधी कधी भ्रमतात, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरबाई येऊन प्रश्न विचारायच्या. त्यांना मराठी येत नव्हतं, दादांना दुसरं काही येत नव्हतं. मधे मी.

त्या सकाळी डॉक्टरबाई म्हणाल्या, आजोबांना विचारा, आपण कुठे आहोत? मी विचारलं. दादा हसले.

"कुठे म्हणजे? बेंगलोरात, दवाखान्यात. आता इथंच राहीन म्हणतो, तुझ्याजवळ. तिकडे घर खायला उठतं रे."

जन्मात कधी काही मागितलं नव्हतं या माणसानं. आणि मला काय दिसलं? त्यांचं खाकरणं, त्यांच्या चौकश्या, माझ्या संध्याकाळी — संपलं म्हणजे सगळं! नलूची आडकाठी होती म्हणावं, तर तीच म्हणत होती, राहू देत की त्यांना.

मी डॉक्टरबाईंना इंग्रजीत सांगितलं — आपण घरी आहोत असं वाटतंय त्यांना. कालपासून असंच बरळतायत.

नळीतलं औषध बंद झालं. बंद करतील हे मला ठाऊक नव्हतं? होतं. डॉक्टरबाईंनी आधीच समजावून सांगितलं होतं.

दुपारी कळा सुरू झाल्या. गोळ्यांनी काही होईना. दादा पलंगाची दांडी घट्ट धरून पडले होते, उशी घामानं भिजलेली. नर्सनं खुणेनं विचारलं, दुखतंय का? तिच्याकडूनच शिकलेला एकुलता एक कानडी शब्द ते म्हणत राहिले — "स्वल्प, स्वल्प." थोडंसंच. मी शेजारी पेपर उघडून बसलो होतो. अजूनही तोंड उघडता आलं असतं — नाही उघडलं.

संध्याकाळी त्यांनी हळूच विचारलं, सकाळी मी काही बोललो का रे? म्हटलं, औषधाचा अंमल होता दादा, काहीच्या काही बोलत होता तुम्ही. त्यांना सगळं आठवत होतं. चेहऱ्यावर दिसलं मला ते. पण ते ओशाळले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

बरे झाल्यावर त्यांना साताऱ्याच्या गाडीत बसवलं. खिडकीतून माझा हात धरून म्हणाले, "गुंगीत काही भलतंसलतं बोललो असेन, तर पोटात घाल."

आणि मी — मी म्हणालो, "घातलं, दादा."