नाकासाठी प्रार्थना

ग्वाल्हेरच्या टोपी बाजारात गजकच्या दुकानाच्या अलीकडे एक वळण आहे. तिथं आले की ब्रदर चष्मा काढून खिशात घालत आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे सारत. मग मान ताठ ठेवून, समोरचं धड दिसत नाही आणि मागचं काही ऐकू येत नाही अशा अवस्थेत, भर बाजारातून चालू लागत. हे फक्त ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत. एरवी हिवाळाभर ते त्याच दुकानाच्या बाकावर बसलेले असत.

ज्यांनी आमच्याकडची गजक खाल्लेली नाही त्यांना वाटेल, यात काय एवढं. तीळ आणि गूळ लाकडी हातोड्यांनी कुटून कुटून इतके खुसखुशीत करतात की दात नसलेल्या माणसालाही ते चालावं. कुटण्याचा आवाज पार वळणापर्यंत येतो. ब्रदरांचा जीव या एका पदार्थात अडकलेला, म्हणून उपवासकाळात ते नेमका तोच सोडत. चष्मा काढायचा तो गजक दिसू नये म्हणून, आणि कापूस घालायचा तो कुटणं ऐकू येऊ नये म्हणून.

मी एकदा विचारलं, "डोळे झाले, कान झाले. नाकाचं काय, ब्रदर?"

"नाकासाठी प्रार्थना," ते गंभीरपणे म्हणाले. "नाक बंद केलं तर माणूस मरेल ना, ताई."

ब्रदर हे काही त्यांचं नाव नव्हे. कंपू भागातल्या एका इस्पितळात ते हाडांच्या वॉर्डात नर्स होते, आणि पुरुष नर्सला तिथं सगळे ब्रदरच म्हणतात. मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती, पण वडिलांपासून ग्वाल्हेरात. बायको गेलेली, मुलगी लांब सासरी. निवृत्त झाल्यावर ते दाना ओली नावाच्या गल्लीत आमच्या समोरच्या खोलीत राहायला आले. माझ्या आईला नुसतं ब्रदर म्हणणं उद्धटपणाचं वाटे, म्हणून ती त्यांना ब्रदरभाऊ म्हणायची.

सैतानाचं नाव ते घेत नसत. नुसतं 'तो' म्हणत, आणि तेही वॉर्डातल्या एखाद्या चिवट सहकाऱ्याबद्दल बोलावं तसं. "जागं राहायला हवं, ताई. आपण ड्यूटी संपवून घरी जातो. त्याला सुट्टी नसते."

एकदा ते असेच बिनचष्म्याचे ब्लडप्रेशरची गोळी आणायला निघाले. औषधाचं दुकान समजून पायरी चढले आणि गोळी मागितली. "बाबूजी, अपने यहाँ तो गजक ही मिलेगी," असं म्हणून दुकानदारानं एक तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"बिलकुल हाताला धरून आत नेलं मला त्यानं," ब्रदर घाम पुसत सांगत होते.

"दुकानदारानं?"

"नाही हो. त्यानं!"

"मग खाल्लीत का?"

"चष्मा लावला, बघितली आणि परत दिली. पण चष्मा लावायला नको होता," असं म्हणून त्यांनी दोन दिवस हळहळ केली.

त्यांचा पहारा जिभेपुरता नव्हता. संध्याकाळी ओट्यावर कुणाच्या तरी सुनेचा विषय निघाला की ब्रदर एक उपासनेतली चाल गुणगुणायला लागत, म्हणजे निंदा कानावर पडायला नको. विषय रंगला की गुणगुणणं चढत जाई. त्यामुळे झालं असं की, घरात बसलेल्या बायका गुणगुणण्याच्या आवाजावरून बातमी किती खमंग आहे ते ओळखू लागल्या आणि आवाज चढला की कामं टाकून बाहेर येऊ लागल्या. आणि नेमकं नाव यायच्या वेळी ब्रदरांचा सूर हटकून पडायचा. "कोण? वकिलांची मधली?" असं त्यांच्या तोंडून निघून जाई, आणि मग ते कपाळावर हात मारून घेत.

पण त्यांच्यावरचं खरं संकट म्हणजे माझी आई. पहिल्या वर्षी त्यांनी सहज सांगितलं, "आमचा उपास सुरू आहे, आई. चाळीस दिवस." आईला भडभडूनच आलं. एकट्या पुरुषमाणसाला चाळीस दिवस साबुदाणा कोण भिजवून देणार? दुसऱ्या दिवसापासून झाकलेल्या ताटल्या समोर जाऊ लागल्या. खिचडी, भगर आणि दाण्याची आमटी, तुपातल्या रताळ्याच्या गोड चकत्या, शेंगदाण्याचे लाडू. ब्रदर काकुळतीला येऊन म्हणत, "आई, मी रात्रीचं जेवण आणि गोड सोडलं आहे. हे नको." आई म्हणे, "अहो, हे जेवण कुठंय? हे सगळं उपासाला चालतं!"

एकादशी आणि दुप्पट खाशी, ही आमची जुनी रीत. चाळीस दिवसांची एकादशी बिचाऱ्या ब्रदरांच्या नशिबी आली. नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येई, आणि ईस्टरच्या दिवशी त्यांच्या सुटाचं बटण लागेना. ते मला हळूच म्हणाले, "तो शिंगं घेऊन येत नाही, ताई. तो झाकलेली ताटली घेऊन येतो."

आईचे कान तिखट. आतून आवाज आला, "मला म्हणाले का गं?"

"नाही, नाही, आई! तुम्ही परेशान नका होऊ," ब्रदर चाचरले. "मी फक्त ताटलीला म्हणालो."

पुढची तीन-चार वर्षं असंच चाललं. मग एका वर्षी त्यांनी उपवासकाळाच्या आदल्या दिवशीच येऊन आईपुढं हात जोडले. "यंदा ताटली नको. हयातीत एकदा तरी हे दिवस चोख काढायचे आहेत, आई. प्रभूला तोंड दाखवायचं आहे." आईनं नाइलाजानं कबूल केलं. आणि त्याच आठवड्यात ती न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन नीट झालं. घरी आणल्यावर मात्र आईनं खाणंच टाकलं. दोन चमचे पेज घेतली की तोंड भिंतीकडे. डॉक्टर म्हणाले, खाल्लं नाही तर त्या उठणार नाहीत, आणि उठल्या नाहीत तर काही खरं नाही. ब्रदर रोज सकाळी येऊन तिच्या पायाला व्यायाम देत. जाताना मला म्हणत, "होईल, होईल." पण त्यांनी असे किती खुबे पाहिले होते, आणि खोटं बोलताना त्यांना कानाची पाळी ओढायची सवय होती. मला भीती वाटत होती. आई जाणार, असंच वाटत होतं.

ईस्टर जवळ आला होता. ब्रदरांचे दिवस खरोखरच चोख चालले होते, आणि त्याचा त्यांना इतका आनंद होता की त्या आनंदावरही ते पहारा ठेवून होते. एका सकाळी त्यांनी आईला विचारलं, "मन कशावर जातं, आई? बोला तर."

आई म्हणाली, "गजक." मग म्हणाली, "पण उपाशी माणसासमोर माझ्या घशाखाली उतरायची नाही. तुम्ही खाल तर खाईन."

"आई, त्यांचं व्रत आहे," मी म्हटलं.

"मग राहू दे," म्हणून तिनं भिंतीकडे तोंड केलं.

ब्रदर उठले आणि जिना उतरले. मी खिडकीतून पाहिलं. चष्मा डोळ्यांवर होता आणि कान मोकळे होते. दुकानदारानं मला नंतर सांगितलं की त्यांना तसं येताना पाहून त्यानं विचारलं होतं, "बाबूजी, आज गोली नहीं चाहिए?"

हंगामाची शेवटची गजक होती. ब्रदरांनी आईसमोर बसून डोळे मिटले, ओठ हलवले, एक तुकडा तोंडात टाकला आणि दुसरा तिच्या हातावर ठेवला. आईनं तो खाल्ला. सगळा खाल्ला. मला रडू आलं म्हणून मी पाणी आणायला उठले.

परत येते तो ब्रदर ताठ बसलेले, तोंड भरलेलं, चेहरा पकडलेल्या चोरासारखा. "पकडलं त्यानं!" ते कसेबसे म्हणाले. "पहिला तुकडा आईंसाठी होता, ताई. हा दुसरा माझा आहे. मला कळलंच नाही, कधी उचलला!"

आईनं डबा पुढं केला. "तिसरा त्याला द्या. तोही इतके दिवस उपाशीच आहे ना?"

आणि ती हसली. पडल्यापासून पहिल्यांदा. ब्रदरांनाही हसू फुटलं आणि गजकचा भुगा चादरभर उडाला.

त्यानंतर रोज तसंच. एक तुकडा त्यांचा, मग आईचं जेवण. पहिला तुकडा संपला की ब्रदर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसत. आई मुद्दाम डबा त्यांच्या नाकाखालून फिरवी. "आला का हो?" "आला, आला! झाका आई, झाकण लावा!" ईस्टरच्या सकाळी आई वॉकर धरून दारापर्यंत चालत गेली आणि समोरून येणाऱ्या ब्रदरांना तिनं स्वतः आत बोलावलं. चोख दिवस त्या वर्षीही झाले नाहीत. त्याबद्दल मी विचारलं तर म्हणाले, "पहिल्या तुकड्याचं मला काही वाटत नाही. दुसऱ्याचं मी बघून घेईन."

त्यानंतर दोन हिवाळे गेले आणि ब्रदरही गेले. जन्मभर जागं राहा म्हणून सांगणारा माणूस दुपारी झोपेतच गेला. आई समोरच्या बंद दाराकडे बघत बसली होती. मग म्हणाली, "ब्रदरभाऊंना मात्र मिळाली गं सुट्टी."

परवा आईला डॉक्टरांना दाखवून ई-रिक्षातून घरी आणत होते. होळी तोंडावर आलेली, म्हणजे ब्रदरांचे ते चाळीस दिवस चालू असणार. टोपी बाजारातलं ते वळण आलं तशी आईनं चष्मा काढला आणि पदरात धरला.

"आई, काय झालं? डोळ्यांत काही गेलं का?"

ती नुसती मान ताठ करून समोर बघत राहिली. दुकान आलं. आत हातोडे चालू होते आणि तीळगुळाचा गरम वास थेट रिक्षात येत होता.

आईनं हात जोडले आणि तिला येतं ते स्तोत्र ती भराभर पुटपुटू लागली.